कुबातकाकांच्या खोट्या वाटा

२४ ऑगस्ट २०१९, शनिवार. सकाळी मी ओताकार कुबात यांना एक किलो वाळल्या हॉप्सचे ३८० चेक कोरुना आगाऊ दिले. म्हणजे दिले चारशे; वीस परत यायचे होते. काकांनी दोन्ही नोटा उलटसुलट पाहिल्या, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "सुटे आत आहेत. आणून देतो." मग ते आत गेले आणि शिडी घेऊन बाहेर आले.

शिडी कशाला हे विचारायची गरज नव्हती. ज्या हॉप्सचे पैसे मी दिले होते ते अजून वेलावरच होते. काकांच्या शेडमागे चार उंच खांब आहेत. खांबांच्या माथ्यावरून तारा ओढल्या आहेत आणि ऑगस्टच्या शेवटी त्या तारांवरून हॉप्सचे वेल बोंडांनी लगडून खाली आलेले असतात. आमच्या लिपेंका गावाच्या शिवारात जिकडे बघाल तिकडे हॉप्सच, पण ती मोठी शेतं. तिथे ट्रॅक्टर अख्खा वेल ओढून नेतो आणि बोंडं यंत्र खुडतं. काकांचे चार खांब म्हणजे घरचं पीक, ते हातानेच खुडायचं. त्यातलं किलोभर मी घेतो आणि आमच्या धुण्याच्या खोलीत मोठ्या पातेल्यात बिअर करतो. माझी बायको ब्लांका तिला साबणाचं पाणी म्हणते. पिते मात्र.

काका एक्क्याऐंशी वर्षांचे. गावातल्या हॉप्स वाळवायच्या भट्टीवर त्यांची सगळी नोकरी झाली. आग फार झाली तर बोंडं करपतात, कमी झाली तर बुरशी धरते. मधली आग राखणं हे त्यांचं काम. मी झातेत्सला एका हॉप्स गोदामाच्या कचेरीत हिशेब बघतो. वाणिज्य शाळेतून निघालो तो तिथेच बसलो, आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो. काकांच्या आणि आमच्या घरात एक तारेचं कुंपण आहे. त्याला मध्ये भोक पडलं होतं ते दोघांनीही बुजवलं नाही.

पण गावात काकांचं नाव आहे ते हॉप्समुळे नाही, अळंबीमुळे.

अळंबी इथे सगळेच गोळा करतात. सप्टेंबरात रविवारी चर्चपेक्षा जंगलात जास्त माणसं असतात. पण कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा बाकीचे मुंग्या चावून घेऊन रिकाम्या हाताने परततात, तेव्हासुद्धा काकांच्या वाळुंजाच्या टोपलीत जाड देठाची, पावाच्या सालीच्या रंगाची अळंबी असायची. ती कुठून येते हे कोणाला माहीत नाही. आमच्याकडे कोणी कोणाला अळंबीची जागा विचारत नाही. विचारली तर खोटी सांगतात, आणि त्याचा कोणाला राग येत नाही. काकांनी एकदा माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "चॅपेलमागच्या तिसऱ्या भूर्जाखाली बघ." वडील लागोपाठ दोन रविवार जाऊन आले. चॅपेलमागे भूर्जाचं एकही झाड नाही. ही गोष्ट लुबोशच्या पबमध्ये वडिलांनी स्वतःच सगळ्यांना हसत सांगितली.

बाकीचे खोटं बोलत, काका खोटं चालतही. तळ्याच्या बाजूने निघायचे आणि दगडाच्या खाणीकडून परतायचे. कोणी मागे आहे असं वाटलं की ओंडक्यावर बसून बुटाची नाडी सोडायचे आणि परत बांधायचे, मागचा माणूस कंटाळून जाईपर्यंत. टोपलीवर फडकं आणि फडक्यावर सफरचंदं. बोझेनाकाकू, त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांनी पैसे कुठे लपवलेत ते मला ठाऊक आहे, अळंबी कुठली ते नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली की विचारणार आहे." पन्नास भरायच्या आधीच काकू गेल्या.

२०१९ च्या जूनमध्ये दुधाच्या गाडीवाल्याला काका राकोव्निकच्या रस्त्यावर भेटले, गावापासून खूप लांब. त्याने गाडी थांबवली. काका म्हणाले, "पुढे जा, पुढे जा. एकाला चुकवतोय." मागे कोणी नव्हतं. पण प्राग पाटीची एक गाडी त्या दिवसांत जंगलाच्या कडेला उभी असायची, हेही खरं. जुलैमध्ये ब्लांकाने त्यांना बस थांब्याजवळच्या तिठ्यावर पाहिलं. टोपली हातात, आणि एकेका रस्त्याकडे बघत उभे. तिने हाक मारली तर म्हणाले, "तू घरात जा, मग मी वळेन." ती आत आली आणि पडद्याआडून बघत राहिली. ते उभेच होते.

"ते मला फसवत होते की त्यांनाच कळत नव्हतं?" तिने मला विचारलं.

आयुष्यभर सरळ चाललेला माणूस वाकडा गेला तर चटकन दिसतं. पण जो पन्नास वर्षं मुद्दामच वाकडा चालत आला, तो हरवलाय हे ओळखायचं कशावरून?

काकांची मुलगी रादमिला लौनीला राहते, तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करते. शाळेत ती माझ्या मागे होती. त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, खांद्यावरची पिशवी न काढताच.

"लौनीच्या वृद्धाश्रमात सप्टेंबरपासून एक खोली रिकामी होतेय," ती म्हणाली. "चांगली आहे. खिडकीतून नदी दिसते. सोमवारी फोन करून हो किंवा नाही कळवायचंय. नाही म्हटलं तर पुढची कधी मिळेल, देव जाणे."

"काका काय म्हणतात?"

"म्हणतात, नदीत अळंबी उगवत नाही."

ब्लांकाला हसू आलं. रादमिलाला आलं नाही.

"हिनेक, मला त्यांना कोंडून घालायचं नाहीये. इथे राहिले तर मलाही बरंच वाटेल. पण थंडीत कुठे झाडाखाली सापडले तर मी काय करू? तू रोज बघतोस त्यांना. हिशेबाचा माणूस आहेस. एवढंच सांग मला. जंगलात जाताना आपण कुठे चाललोय हे त्यांना ठाऊक असतं का? हो की नाही?"

मी म्हणालो, बघतो आणि शनिवारी सांगतो.

तर त्या शनिवारी काका शिडीवर चढले. मी शिडी धरायला गेलो तर वरून ओरडले, "सोड! मी पडलो तर एकटा पडेन, तुझ्या अंगावर कशाला?" विळ्याने वरचे देठ कापले तसे वेल सळसळत खाली आले. एक वेल त्यांनी शुक्रवारी सकाळीच उतरवून खुडला होता, बोंडं तयार झालीत का बघायला. उरलेले आम्ही तिघांनी, काका, ब्लांका आणि मी, बुटक्या स्टुलांवर बसून खुडायला घेतले. हॉप्सच्या वेलाला बारीक काटेरी लव असते, हातांवर लाल ओरखडे उठतात. बिअरला कडूपणा देणारी बोंडांतली पिवळी पूड बोटांना चिकटून काळी होते आणि साबणानेही जात नाही. त्या दिवसांत आमच्या गावात कोणी बोट चाटत नाही.

"हिनेक, पानं नको भरूस टोपलीत. पानांची बिअर करणार आहेस का?"

"काका, एखादं पान गेलं असेल."

"एखाद्यापासूनच सुरुवात होते. मग माणूस मंत्री होतो."

"नको हो काका," ब्लांका म्हणाली. "घरात आधीच भाषणं फार होतात."

काकांनी भट्टीवरची एक गोष्ट सांगितली. हॉप्स खुडायला शहरातून आलेला एक विद्यार्थी वाळलेल्या बोंडांच्या ढिगात झोपला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. थोड्या वेळाने त्यांनी तीच गोष्ट परत सांगितली आणि या खेपेला झोपलेली ती विद्यार्थिनी होती. ब्लांकाने माझ्याकडे पाहिलं. पण काकांच्या गोष्टी पूर्वीही दर खेपेला बदलायच्या. माझ्या आठवणीत तर तो एकदा पाद्री होता.

दुपारी रादमिला लौनीहून प्लमचा केक घेऊन आली. काकांनी शुक्रवारी आणलेली अळंबी चिरून कांदा, शहाजिरे आणि अंडी घालून तव्यावर परतली होती. आम्ही अंगणातल्या टेबलाशी बसलो. रादमिलाने पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"बाबा, हे कडू आहे."

"काय कडू आहे?"

"कडू अळंबी पडलीय यात."

कडू अळंबी विषारी नसते, पण एक जरी पडली तरी सगळा तवा फुकट जातो. दिसायला ती चांगल्या अळंबीची जुळी बहीण. चांगलीच्या देठावर पांढरी जाळी, हिच्या देठावर काळपट. टोपीखाली जराशी गुलाबी झाक. शंका आली तर जीभ लावून बघायची. शाळेत जायच्या आधी मुलांना हे येतं. ओताकार कुबातच्या तव्यात कडू अळंबी म्हणजे पाद्री वेदीसमोर प्रार्थना विसरला म्हणावं तसं.

"कडू तुझी जीभ," काका म्हणाले. "सगळ्यांचे हात हॉप्सचे आहेत. पाव पण कडू लागतोय. विचार ब्लांकाला."

"मला पाव कडूच लागतोय, खरंच," ब्लांका म्हणाली.

"मी हॉप्सला हात लावलेला नाही, बाबा. मी आत्ता आलेय. माझा पाव गोड आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अळंबी खाल्ली, कडू होती. पाव खाल्ला, तोही कडू. पाण्याचा ग्लास उचलला, त्याची कडसुद्धा. माझ्या साक्षीचा कोणालाच उपयोग नव्हता.

काका उठले. "चांगली आणतो."

"आता? अहो, जेवण तरी—"

"माझी टोपली कुठाय?"

टोपली दाराशेजारच्या खिळ्याला होती, नेहमी असते तिथेच. काकांनी आधी शेडमध्ये पाहिलं, मग बाकाखाली, मग खिळ्याकडे गेले. फाटकातून ते तळ्याच्या दिशेने निघाले. रादमिला मला म्हणाली, "जा ना."

"अळंबीवाल्याच्या मागे?" ब्लांका म्हणाली. "त्यापेक्षा कोणाच्या न्हाणीघरात डोकावलेलं बरं."

"ब्लांका, मला सोमवारी फोन करायचाय गं."

मी गेलो.

काका चांगले चालतात. तळं ओलांडून ते स्प्रूसच्या जुन्या सूचीपर्णी झाडीत शिरले. मी बराच मागे राहिलो. शिकाऱ्यांच्या एका मचाणापाशी ते थांबले, वर पाहिलं आणि डावीकडे गेले. पुष्कळ चालल्यावर पुढे परत एक मचाण दिसलं. त्याचीही एक पायरी तुटलेली होती आणि खांबाला निळं प्लास्टिकचं पोतं बांधलेलं होतं. ते तेच मचाण होतं. आता काका उजवीकडे वळले. आणि काही वेळाने पुन्हा तेच निळं पोतं. पाठलाग करणाऱ्याला दमवायचं तर माणूस असंच करील. वाट चुकला तरी असंच करील. मी एका झाडामागे उभा राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होतो, आणि पाठीवरून काही कळत नव्हतं.

मग ते वाकले. एक अळंबी सुरीने कापली, जिभेला लावली, थुंकले आणि फेकून दिली. जरा पुढे दुसरी, तिचंही तेच. तिसरी चाटली, मान हलवली आणि टोपलीत टाकली.

ते पुढे गेल्यावर मी फेकलेली एक उचलली. देठावर पांढरी जाळी, टोपीखाली मलईसारखा रंग, अगदी एक नंबर माल. जीभ लावली तर कडू. मी चरकलो. मग स्वतःचा अंगठा चाटला. तोही तितकाच कडू. ओहोळाच्या पाण्यात वाळूने बोटं घासली, दुसरी अळंबी पानात धरून उचलली, आमच्या दोघांचाही हात न लागलेल्या बाजूने चाटली. बदामासारखी लागली. म्हणजे काका जेवताना बोलले ते बरोबर होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी वेल खुडला आणि तसेच जंगलात गेले. चांगली काय, वाईट काय, सगळंच कडू. मग जिभेवर विसंबायचं कसं? कडू अळंबीचा हिशेब लागला. आता एवढं तरी रादमिलाला ठामपणे सांगता येईल म्हणून मला बरं वाटलं.

मान वर केली तर काका नव्हते. आणि गाव कोणत्या बाजूला आहे तेही मला कळेना. या जंगलाच्या पायथ्याशी माझा जन्म झालाय. चारी बाजूंना सारखीच झाडं, सारखाच उजेड.

"मी टाकलेली उचलतोस होय रे, भिकारड्या?"

काका माझ्या मागे ओंडक्यावर बसले होते. एका बुटाची नाडी सुटलेली होती.

"काका, मी सहज—"

"सहज म्हणे! तळ्यापासून मागे आहेस. रादमिलाने पाठवलं?"

"हो."

"काय देते?"

"काही नाही."

"आणि म्हणे हिशेबनीस."

मी त्यांना अळंबी दाखवली. "काका, ही चांगली आहे. कडू आहेत ती आपली बोटं."

"मग जेवताना मी दुसरं काय सांगत होतो? म्हाताऱ्याचं कोण ऐकतो."

"पण ठाऊक होतं तर चांगली फेकलीत कशाला?"

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तू उचलत बसावंस म्हणून," ते म्हणाले. "तू वाकलास आणि मी मागे आलो."

आत्ताच लागलेला हिशेब पुन्हा उसवला. मी विचारलं, "आणि मचाणाभोवती फेऱ्या?"

"कुठलं मचाण?"

हे त्यांनी कसं म्हटलं ते मी नंतर ब्लांकाला करून दाखवायचा प्रयत्न केला. एकदा ते थट्टेचं वाटलं, एकदा नाही.

त्यांनी नाडी बांधली. "आलाच आहेस तर आता रिकामा जाऊ नको. त्या झाडाकडे तोंड कर. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही. वळलास तर तुझ्या बिअरमध्ये एरंडेल घालीन."

मी स्प्रूसकडे तोंड करून उभा राहिलो. पावलं दूर गेली आणि ऐकू येईनाशी झाली. नाकासमोर साल होती, सालीवर डिंकाचा एक थेंब, थेंबात एक मुंगी अडकलेली. निवृत्तीला आलेला माणूस झाडाकडे तोंड करून उभा आहे, हे कचेरीतल्या कोणी पाहिलं असतं तर? काका परत आलेच नाहीत तर? त्यांना शोधायला मी कोणाला कुठे पाठवणार? त्यांनी गावाला पन्नास वर्षं दाखवलेल्या सगळ्या वाटा खोट्या. आणि मी स्वतः कुठे उभा आहे तेच मला माहीत नाही. वळावंसं फार वाटलं. वळलो नाही. वळून त्यांची दिशा पाहिली असती तर ती मला ठाऊक झाली असती, आणि एकदा ठाऊक झालेलं परत देता येत नाही.

"काका?" मी झाडाला विचारलं.

सावली सालीवरून माझ्या खांद्यावर आली. मग पावलं ऐकू आली, गेली होती त्याच्या भलत्याच बाजूने.

"वळ."

टोपली काठोकाठ भरली होती. आखूड, घट्ट, पांढऱ्या जाळीची; एकीलाही अळी नाही. वर नेच्याची पानं झाकलेली. अशी अळंबी वाटेत सापडत नाही. ती ज्याला जागा ठाऊक आहे त्यालाच मिळते. माझं उत्तर तयार झालं: हो. ठाऊक असतं.

काकांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"चल," ते म्हणाले.

"कुठून, काका?"

"तू हो पुढे."

"मला कुठे वाट माहितीय? मी तुमच्या मागे आलोय."

काका हसले. "अरे, घरची वाट सगळ्यांनाच ठाऊक असते. ती कोणी लपवतं का? चल, चल, हो पुढे." आणि त्यांनी माझी बाही धरली.

मी पुढे झालो. पहिल्यांदा आम्ही दलदलीपाशी निघालो, मग एका कुंपणापाशी. काका चूक आहे असंही म्हणाले नाहीत, बरोबर आहे असंही नाही. बाही मात्र सोडली नाही. शेवटी लांबून हॉप्सच्या ट्रॅक्टरांचा आवाज आला आणि मी त्या आवाजाच्या रोखाने चालत राहिलो. झाडं विरळ झाली, तळं दिसलं.

"हं. तळं," काका म्हणाले, आणि बाही सोडून माझ्या पुढे चालू लागले, टोपलीवर फडकं टाकून.

रादमिला फाटकात उभी होती. तिने टोपली टेबलावर उपडी केली, एकेक देठ उलटून पाहिला. नंतर मला वेलांच्या ढिगामागे नेलं.

"बोल. हो की नाही?"

"जाताना ठाऊक असतं," मी म्हणालो. "येतानाचं मला सांगता येत नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं. पण मीसुद्धा तिथे हरवलो होतो, रादमिला. त्यांनी मला मुद्दाम भुलवलं की आम्ही दोघं मिळून हरवलो, ते मला खरंच कळलं नाही."

"मग सोमवारी मी काय सांगू त्या लोकांना?"

"सांग त्यांना, नदी विकून टाका म्हणावं!" माळ्याच्या खिडकीतून आवाज आला. काका वर जाळ्यांवर बोंडं पसरत होते.

रादमिला माझ्या स्टुलावर बसली. एक वेल खुडायचा राहिला होता. तिने तो मांडीवर ओढला आणि खुडायला लागली, लहानपणी खुडायची तशी, दोन बोटांनी, पान न लागू देता. मग तिने केकचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"केक कडू लागतोय," ती म्हणाली.

ब्लांकाने तिच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

काका खाली आल्यावर रादमिला म्हणाली, "बाबा, एक अट. यापुढे जंगलात एकट्याने जायचं नाही. हिनेकला न्यायचं."

"माझ्या जागेवर? त्यापेक्षा मी नदीवर जातो. कपडे भर माझे."

"बाबा!"

काकांनी बोटांवरची काळी पूड पँटला पुसली. "तसा तो झाडाकडे तोंड करून बरा उभा राहतो," ते म्हणाले. "हूं की चूं करत नाही. नेईन. जाताना मी पुढे." मग जरा थांबून म्हणाले, "येताना तो."

रादमिलाने माझ्याकडे पाहिलं. मी बोंडांच्या टोपलीतली पानं वेचत राहिलो.

सोमवारी तिने फोन करून खोली नको म्हणून कळवलं. ती खोली त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्या शरदात आम्ही दर शनिवारी गेलो. काका म्हणतात की प्रत्येक वेळी झाड वेगळं असतं. मला वाटतं ते एकच आहे, कारण डिंकाचा तो थेंब आणि त्यातली मुंगी मला आता चांगली ओळखू येतात. पण जंगलात मुंग्या पुष्कळ आहेत. वाटेवर मी मनात खुणा ठेवतो, निळं पोतं, दलदल, कुंपण. पुढच्या खेपेला त्यांचा क्रम बदललेला असतो. ऑक्टोबरात एकदा मी फार वेळ उभा होतो आणि काका रिकामी टोपली घेऊन आले. "चल," एवढंच म्हणाले आणि बाही धरली. त्या आठवड्यात पाऊस चांगला झाला होता. परतताना त्यांनी मला सांगितलं की जागेला विश्रांती द्यावी लागते. असेलही. रविवारी संध्याकाळी रादमिलाचा फोन येतो, ती तेच विचारते, आणि माझं उत्तर तेच असतं.

हॉप्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाळले. काकांनी देठ मोडून पाहिला, कट्कन तुटला, तेव्हा एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून माझं किलो आणून दिलं. वजन बरोबर होतं. बिअर जरा कडू झाली; ब्लांकाने दुसरा ग्लास मागितला.

हॉप्स घेतले तेव्हाच मी त्यांना सुट्यांची आठवण करून दिली होती. "दिले की. शिडी आणली तेव्हाच," ते म्हणाले. नाताळात कुंपणाच्या भोकातून ते सणाचा मासा द्यायला आले तेव्हा मी परत सहज विषय काढला. "कसले वीस?" काका म्हणाले आणि त्यांनी एक डोळा मिटला. वारं बोचरं होतं, बर्फ भुरभुरत होतं.

आज फेब्रुवारीची नऊ तारीख. वीस कोरुना अजून येणे आहेत.